‘आधी दहा हजार फॉलोअर्स, मग धंदा’ : कोकणात हे गणित बसत नाही

आंब्याला मोहर धरला की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. गावच्या ग्रुपवर येतो, बचत गटाच्या ग्रुपवर येतो, मुंबईचा भाचा तोच परत पाठवतो. मजकूर साधारण असा : घरच्या मालाचा ऑनलाइन ब्रँड काढा, आधी दहा हजार फॉलोअर्स जमवा, रोज एक रील टाका, प्रत्येक पोस्ट बूस्ट करा (म्हणजे पैसे भरून जास्त लोकांपुढे न्या), इन्फ्लुएन्सरला पेटी फुकट पाठवा, गुगल मॅपवर नाव चढवा. ऑर्डरी आपोआप येतील.

लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी पेटी भरली असेल असं वाटत नाही.

दहा हजार फॉलोअर्स कशाला हवेत? ज्याची वीस-पंचवीस कलमं आहेत त्याचा माल संपवायला शे-दीडशे घरं पुरतात, आणि ती घरं त्याला आधीच माहीत असतात. कोकणाएवढं तयार गिऱ्हाईक क्वचितच कुणाच्या नशिबी असेल. गावोगावच्या वाड्यांची मुंबईत मंडळं आहेत, त्यांचे ग्रुप आहेत, गणपतीला आणि शिमग्याला तीच माणसं दारात येतात. डोंबिवलीच्या आत्तेभावाला सांगायचं, “दादा, तुझ्या सोसायटीतल्या ऑर्डरी एकत्र कर, तुझी पेटी माझ्याकडून.” दहा पेट्या एकाच गाडीने, एकाच पत्त्यावर जातात. जाहिरात झाली, वाहतूक वाचली, आणि आंबा डागी निघाला तर बोलायला ओळखीचा माणूस आहे. अनोळखी गिऱ्हाईक पहिल्यांदा पैसे आगाऊ भरताना दहा वेळा विचार करतं. दादाच्या शब्दावर तेवढा विचार होत नाही.

आता बूस्ट. इथे जरा थांबू, कारण खिशातला पैसा खरा इथेच जातो. समजा आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली दोनशेला विकता. कोकम, मीठ, बाटली, लेबल, खोका, मजुरी वजा जाता हातात साठ रुपये राहिले. तीन हजारांची जाहिरात केली, तर १८ टक्के जीएसटी धरून ती ३,५४० रुपयांना पडते. म्हणजे त्या जाहिरातीमुळे ५९ जास्तीच्या बाटल्या खपल्या, तेव्हा कुठे बरोबरी. साठाव्या बाटलीपासून फायदा, आणि तोही सगळ्या बाटल्या धड पोचल्या तर. बूस्टचं बटण दाबताना उद्देश आणि परिसर नीट निवडला नाही, तर पोस्ट लाइक देणाऱ्यांपुढे फिरत राहते. त्यांतल्या कुणाला आगळ म्हणजे काय तेही ठाऊक नसतं.

धड पोचण्याचं आलंच आहे तर सांगतो. झाकणाखाली सील नसलेली आगळाची बाटली कुरिअरमध्ये आडवी पडली की अख्खा खोका लालभडक होतो, शेजारच्या आंबापोळीसकट. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत जातो आणि तुमची रील त्याच्यापुढे काही करू शकत नाही. पहिले दोन हजार कुठे घालू असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, सील, जाड खोका आणि लेबल. लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर हवाच, शहरातली माणसं आता तो वाचतात.

रोज रील? हंगामात पहाटे काढणी, दुपारी वर्गवारी, संध्याकाळी भरणी. रील काढायची कुणी? आठवड्याला एक पुरे, अढीतला आंबा दाखवलात तरी चालेल. उरलेला वेळ व्हॉट्सॲप बिझनेसला द्या. ते फुकट आहे, कॅटलॉग करता येतो, दर एकदा लिहिला की शंभरदा सांगावा लागत नाही. फक्त एक मेख आहे : ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या, एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून पेटीत चिठ्ठी टाकायची, “नंबर सेव्ह करा, कोकम तयार झालं की कळवू.” कुठून तरी विकत घेतलेल्या नंबरांवर मेसेजचा मारा केला तर आपलाच नंबर बंद होतो.

गुगलचा सल्ला अर्धा बरोबर आहे. नोंद फुकट, पण ती निव्वळ ऑनलाइन धंद्याला मिळत नाही. गिऱ्हाईक समोरासमोर भेटण्याची सोय असावी लागते. गुहागर-मालवणच्या रस्त्यावर तुमची पडवी असेल आणि पर्यटक तिथे थांबून माल घेत असतील, तर आजच नोंद करा. सूट देऊन रिव्ह्यू लिहून घेणं मात्र गुगलच्या नियमात बसत नाही.

इन्फ्लुएन्सरला पेटी द्यायची तर द्या, पण २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेची, आस्कीची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत : फुकट मिळालेल्या मालाची पोस्टही जाहिरात म्हणूनच दाखवायची. तो तसं लिहायला तयार नसेल तर पेटी घरच्यांना खाऊ दे.

मेसेजच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते : “माल कुठलाही असो, हॅशटॅग देवगड हापूसचा.” याचा मला मनस्वी राग आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. कर्नाटकाचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारणाऱ्यांविरुद्ध इथले बागायतदार वर्षानुवर्षं ओरडताहेत, आणि आपणच तो हॅशटॅग लावायचा? राजापूरची बाग असेल तर राजापूर लिहा. बागेचा फोटो टाका.

जाहिरात कधीच करू नये असं नाही. आंबा संपतो, पण आगळ, आमसूल, काजू टिकतात. ओळखीची यादी फिरून झाली आणि माल उरला, तर थोडके पैसे घाला. उद्देश ‘मेसेज’ ठेवा, परिसर ठाणे-डोंबिवली किंवा पुण्याचा ठेवा, आणि ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला विचारा, “कुठे बघितलंत?” उत्तर वहीत लिहा. आठवड्याभरात जाहिरातीच्या रकान्यात काही पडलं नाही, तर ती बंद करा आणि आत्तेभावाला फोन लावा.