मनोरे मोडीत काढण्याआधी: रेडिओबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

रेडिओबद्दलचं एक म्हणणं हल्ली व्हॉट्सॲपच्या गटांत सारखं फिरतंय. त्याचा गोषवारा असा: इंटरनेटने रेडिओ संपवला, आकाशवाणीचं ॲप असताना प्रक्षेपणाच्या मनोऱ्यांवर वीज जाळणं हा मूर्खपणा, डिजिटल रेडिओ म्हणजे कंत्राटदारांची सोय, त्याचे संच तर कुठे दिसतच नाहीत, आणि हे नवं तंत्र बड्या कंपन्यांनाच परवडतं, छोट्या केंद्रांचं त्यात मरण. म्हणून मनोरे मोडीत काढा, जमिनी विका.

ऐकायला पटतं. पण लिहिणाऱ्याने डिजिटल म्हणजे इंटरनेट असं धरलंय, आणि घोळ तिथेच झालाय. मनोऱ्यावरून हवेत जाणारं प्रसारणही डिजिटल असू शकतं. केंद्राचा आणि ऐकणाऱ्याचा मोठा फायदा त्यातच आहे.

पहिला मुद्दा झटपट उरकतो. इंटरनेटने रेडिओ संपवला नाही, त्याची हद्द वाढवली. मुंबईत आलेल्या कोकणी माणसाला पूर्वी मिडियम वेव्हवर रत्नागिरी केंद्र मिळणं नशिबाचा भाग होता. आज आकाशवाणीच्या ॲपवर दोनशेहून जास्त सेवा आहेत. डोंबिवलीत काय आणि दुबईत काय, आपल्या जिल्ह्याचं केंद्र लागतं. शिवाय इंटरनेट नसलेल्या घरात डीडी फ्री डिशची छत्री असेल तर आकाशवाणीच्या कितीतरी वाहिन्या टीव्हीवरच ऐकता येतात, मासिक भाडं न देता. हेही डिजिटलच, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हे गावीही नाही.

आता ‘ॲप आहे ना, मग मनोरा कशाला?’ याकडे जरा नीट बघू. सेकंदाला ६४ किलोबिटचं प्रसारण मोबाइलवर ऐकलं तर तासाला साधारण २९ एमबी जातात. रोज चार तास रेडिओ लावणाऱ्या घरात महिन्याला साडेतीन जीबीच्या आसपास. आजच्या पॅकमध्ये हे फार जड नाही, कबूल. पण हिशेब केंद्राच्या बाजूनेही करा. ॲपवर प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी सर्व्हरवरून वेगळी धार सोडावी लागते. माणसं वाढली की भार वाढतो आणि खर्चही. मनोऱ्याला त्याचं काही नाही. एकाने ऐकलं काय, पाच लाखांनी ऐकलं काय, बिल तेवढंच.

आणि ऐकणारे एकदम वाढतात कधी? संकटात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलची रेंज गेली, ती कित्येक गावांत दिवसेंदिवस आली नाही. त्या दिवसांत तिथल्या माणसाच्या हातात ॲप असून उपयोग शून्य होता. दोन सेलवर चालणारा संच आणि लांब कुठेतरी उभा असलेला मिडियम वेव्हचा मनोरा, एवढंच अशा वेळी चालतं; कारण त्या लहरी जमिनीलगत दूरवर जातात आणि एफएमसारख्या डोंगराआड अडकून बसत नाहीत.

मग डिजिटल रेडिओ ही नुसती उधळपट्टी का? आकाशवाणीने मिडियम वेव्हसाठी डीआरएम ही डिजिटल प्रसारणाची पद्धत घेतली आणि गेल्या दशकात तीसहून जास्त प्रक्षेपक त्यावर आणले. त्यामागे विजेचं साधं गणित आहे. जुन्या पद्धतीत आवाज एका वाहक लहरीवर चढवून पाठवतात. आवाज पूर्ण चढवला तरी दोन तृतीयांश वीज त्या वाहक लहरीतच खर्ची पडते आणि तिच्यात बोललेला एक शब्दही नसतो. पूर्ण डिजिटलवर गेलं तर तेवढाच प्रदेश कमी विजेत झाकता येतो. म्हणजे ‘वीज जाळतात’ ही ज्यांची तक्रार आहे, त्यांनी खरं तर डिजिटलची मागणी करायला हवी!

ऐकणाऱ्याला काय मिळतं? ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लावा आणि शेजारी एखादा स्वस्तातला एलईडी दिवा पेटवा किंवा चार्जर लावा. निवेदकाच्या जागी घरघर ऐकू येईल. मिडियम वेव्हकडे लोकांनी पाठ फिरवली त्यात या घरगुती गोंगाटाचा वाटा मोठा आहे. डिजिटल संकेतात ही घरघर येत नाही, आवाज एफएमच्या तोडीचा येतो, एकाच लहरीवर एकापेक्षा जास्त कार्यक्रम बसतात आणि पडद्यावर बातम्यांचा मजकूरही दिसतो. आपत्तीची सूचना आली की संच आपोआप त्या कार्यक्रमाकडे वळेल, ही सोयदेखील या पद्धतीत आहे. खोट एकच, आणि ती लपवू नये: संकेत कमी पडला की खरखर वाढत नाही, आवाज थेट तुटतो. जुना श्रोता खरखरीतूनही क्रिकेटचा स्कोअर काढायचा. इथे ते नाही.

छोट्या केंद्रांचं मरण, हा मुद्दा मला सर्वांत पोकळ वाटतो. टेपच्या रिळांच्या, म्हणजे स्पूलच्या जमान्यात मुलाखतीतलं एक वाक्य काढायचं तर टेप हाताने पुढेमागे फिरवून ती जागा शोधायची, खडूसारख्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. चुकलं की गेलं. आज तेच काम साध्या लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरने होतं, आणि चुकलं तर मागे येता येतं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी हे छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं आहे, ते याच काळातलं. सामुदायिक केंद्राला परवानगी जेमतेम १०० वॉटची. आवाज आसपासच्या गावांपुरता. पण माण-खटाव, आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. अशा केंद्राने कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून नेटवर ठेवला की तो तामिळनाडूतल्या गलाईच्या दुकानातही वाजू शकतो, आणि त्यासाठी जास्तीचा एक वॉटही लागत नाही.

फॉरवर्डमधलं एक मात्र खरं आहे: संच कुठेत? डीआरएम रेडिओ लाखो नव्या गाड्यांत कंपनीकडूनच बसून आलाय, पण स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा संच बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या अखेरीस. आपल्याकडे तसं तडकाफडकी करणं हा अन्याय होईल. दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने, म्हणजे ट्रायने, २०२५ मध्ये खासगी केंद्रांसाठी जी शिफारस केली ती बरी आहे: मुंबई, पुणे, नागपूरसह १३ शहरांत जुनं आणि नवं एकत्र चालवायचं. एकाच लहरीवर नेहमीच्या कार्यक्रमासोबत तीन डिजिटल कार्यक्रम बसतील. त्यात मराठी नाटक, शास्त्रीय संगीत, मुलांचं काही यायला जागा होईल. येईलच असं नाही; तीच दहा हिंदी गाणी चौथ्यांदा फिरवण्याची हौसही आपल्या एफएमवाल्यांना आहे.

तोवर हातातल्या फोनचं बघा. अनेक फोनमध्ये एफएमची सोय आतच असते, पण कंपनी ती बंद ठेवून विकते. तसं करू नये, अशी सूचना केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये कंपन्यांना दिली. तरी दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळे विचारतात, एफएम चालतं का हे कोणी विचारत नाही. पुढचा फोन घेताना विचारा. आणि वायरचा जुना इअरफोन टाकू नका. बहुतेक फोनमध्ये त्याची वायर हीच एफएमची अँटेना असते.