दारावरचा स्टिकर आणि कलम 52

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर लिहिला. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेला निकाल यांनी देशातल्या कारागिराचे हात बांधून टाकले, असे त्याचे म्हणणे होते, आणि पुरावा म्हणून त्याने माझेच छायाचित्र जोडले होते. त्यात मी अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात माझ्या पिकअपपाशी उभा आहे, हौद्यात मी घरी बांधलेला कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची छोटी खोली, आहे आणि त्याचे छप्पर वर उचललेले आहे. खाली भावाने लिहिले होते, "तिकडे माणूस गाडीवर वाट्टेल ते बांधू शकतो, इकडे आरसी बुकाबाहेरचे काही दिसले की आरटीओ हजर." अर्ध्या तासात त्यावर सतरा अंगठे उमटले.

मला राग आला तो 'वाट्टेल ते' या दोन शब्दांचा.

उत्पादकाने ठरवलेली आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेली गाडीची मूळ वैशिष्ट्ये मालकाला बदलता येणार नाहीत, असे तो निकाल सांगतो. इंधनाचे किट बसवण्यासारख्या मोजक्या गोष्टींना कायद्यात वाट ठेवलेली आहे. पण मी माझ्या पिकअपमध्ये काहीही बदललेले नाही. तिच्या पत्र्याला मी एक भोकसुद्धा पाडलेले नाही. कॅम्पर हौद्यातल्या रबरी मॅटवर नुसता टेकलेला असतो, चार कोपऱ्यांतली टर्नबकले, म्हणजे पिळून ताणायचे आकडे, त्याला खाली आवळून धरतात, आणि मनात आणले तर दोन तासांत तो चार जॅकवर उभा राहून गाडी त्याच्याखालून निघून जाते. कायद्याच्या नजरेत तो सामान आहे. म्हणूनच इथल्या अनेक राज्यांत त्याची वेगळी नोंदणी लागत नाही. तेव्हा भावाची तुलना मुळातच चुकीची आहे, कारण तो गाडीच्या अंगात केलेल्या फेरफाराला गाडीवर ठेवलेल्या ओझ्याशेजारी बसवतो आहे.

ओझ्यालाही इथे मोकळे रान नाही. संघीय नियमांच्या 575 व्या भागात ट्रक-कॅम्परसाठी स्वतंत्र कलम आहे, आणि गाडीने किती वजन घ्यावे व त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कोठून कोठपर्यंत असावा, हे पिकअपच्या उत्पादकाला मालकापर्यंत आकृतीसह पोचवावे लागते. शिवाय चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतोच. माझ्या गाडीचा स्टिकर म्हणतो की माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन 522 किलोंच्या वर जाऊ नये. आम्ही दोघे मिळून दीडशे किलोंचे. उरलेल्या 372 किलोंत घर बसवायचे होते.

हे गणित ज्याने स्वतः केलेले नाही त्याने कॅम्परबद्दल बोलू नये, असे मला फार वाटते. विकत मिळणारे पक्क्या भिंतींचे कॅम्पर बहुधा हजार किलोंच्या आसपास किंवा वर जातात, त्यामुळे ते माझ्या गाडीसाठी नव्हतेच. अर्धा इंच जाडीचे आठ बाय चार फुटांचे प्लायवुड वीस किलोंचे भरते, तर त्याच मापाचा दोन इंच जाडीचा एक्सपीएस (पॉलिस्टायरिनचा ताठ, हलका) फोम चार किलोंच्या आत राहतो आणि वर थंडीही अडवतो. म्हणून भिंती फोमच्या केल्या, लाकडाच्या पट्ट्या फक्त कडांना आणि बिजागऱ्यांच्या जागी घातल्या, आणि सगळ्यावर पाणी मिसळलेल्या लाकूडगोंदाने कॅनव्हास चिकटवून बाहेरच्या भिंतीचा रंग दिला. पहिल्या खेपेला मी गोंदाऐवजी सॉल्व्हंटचा कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह वापरला. दहा मिनिटांत अख्खी भिंत उन्हातल्या बर्फासारखी आत बसली, कारण पॉलिस्टायरिन त्या द्रावकात विरघळते. पॉलिएस्टर रेझिननेही तेच होते, इपॉक्सीने होत नाही. डब्यामागे बारीक अक्षरांत ते लिहिलेले होते.

छप्पर खाली-वर होणारे का हवे, हे वायोमिंगच्या वाऱ्यात गाडी चालवल्यावर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि उंच डबा आडव्या वाऱ्यात ज्या तऱ्हेने ढकलला जातो ती मी एका भाड्याच्या गाडीत अनुभवलेली आहे. माझे छप्पर चालताना केबिनच्या जेमतेम वीतभर वर असते आणि मुक्कामी साठ सेंटिमीटर उठते. पुढच्या आणि मागच्या अंगाला मधोमध लांब बिजागरीने दुमडणारी एकेक फळी आहे, ती सरळ झाली की छप्पर ताठ उभे राहते, आणि भोवतीने ताडपत्रीसारख्या व्हिनाइलची भिंत ताणली जाते. छप्पर उचलायला गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेला वायू भरलेल्या नळ्या, मदतीला आहेत, पण वायूचा दाब तापमानाबरोबर घटतो. वीस अंशांना हलके वाटणारे छप्पर शून्याखाली दहा अंशांवर दहा टक्के मदत गमावते, आणि ऑक्टोबरच्या पहाटे ते दहा टक्के माझ्या खांद्यावर येतात. आतून व्हिनाइलला रात्रभर दव सुटते, त्यावर मात्र खिडकी फटभर उघडी ठेवण्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.

हे सगळे मी गटावर लिहिले, थोड्या कमी सौम्य भाषेत. स्वातंत्र्य म्हणजे प्रत्येकाने आपले ओझे स्वतः तोलणे, अशा अर्थाचे एक वाक्यही त्यात होते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, तेव्हा नियमांच्या नावाने गळा काढण्याऐवजी ते वाचावेत, असेही मी सुनावले. पाठवताना मला बरे वाटले.

आता जे लिहिले नाही ते.

माझ्या मावसभावाचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो वेल्डिंग करतो. आमच्या घरी मात्र खिळा ठोकायलाही सुताराला बोलावले जाई, आणि मी अमेरिकेत येईपर्यंत करवत हातात धरलेली नव्हती. इथे कारागीर परवडत नाही म्हणून मी कारागीर झालो. ज्याला काम येते त्याला कायदा थांबवतो आणि ज्याला येत नाही त्याला इथे कोणी विचारत नाही, अशी त्याच्या रागाची दुसरी बाजू मला दिसायला हवी होती, आणि खरे सांगायचे तर ती दिसत होती. छप्पर उचलणाऱ्या त्या दोन फळ्या त्यानेच काढून दिल्या आहेत. माझ्या डोक्यात चार कोपऱ्यांत चार स्क्रू-जॅक होते, त्याने व्हिडिओ कॉलवर वहीच्या पाठकोऱ्या पानावर रेघा मारून दाखवल्या आणि म्हणाला, "फळ्यांनी छप्पर डुलायचंही थांबेल, आणि तुझं वजनही वाचेल." शेजारच्या गृहस्थांनी त्या रचनेचे कौतुक केले, तेव्हा मी "आमच्या भारतात असली डोकी चालतात" असे मोठ्या अभिमानाने म्हणालो, आणि ते डोके माझेच असावे असा त्यांचा समज झाला तो तसाच राहू दिला.

यूटाच्या त्या सहलीला निघताना मी गाडी वजन न करता नेली होती. बीएलएमच्या, म्हणजे सरकारी भूखात्याच्या, मोकळ्या जमिनीवर नऊ दिवस राहायचे म्हणून पाण्याचे 75 लिटर भरले, बॅटरी, फ्रिज, सिलिंडर, आणि शेवटच्या क्षणी दोन सायकली. परतताना एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, दिसला म्हणून सहज गाडी चढवली. टाकी तेव्हा जवळजवळ रिकामी होती. ते पाणी धरून हिशेब केला तर जाताना मी स्टिकरच्या आकड्यापेक्षा 90 किलो जास्त घेऊन सहाशे मैल डोंगर उतरलो-चढलो होतो. मला कोणी अडवले नाही.

भावाने मात्र अडवले होते. वाळवंटातले ते छायाचित्र मी त्याला पाठवले तेव्हा त्याचे पहिले उत्तर छपराबद्दल नव्हते. "मागचा भाग बसलेला दिसतोय," त्याने लिहिले होते, "काट्यावर नेली होतीस ना?" मी "हो" असे उत्तर दिले होते.