मुधोळकरांची रात्रपाळी

निवृत्तीनंतर तरी शांत झोप मिळेल, या भरवशावर मी आयुष्यभर शाळेची घंटा ऐकली. आणि निवृत्त होऊन तीन महिने होत नाहीत तोच मेहुण्याने मुधोळहून तिथल्या शिकारी कुत्र्याचे आठ आठवड्यांचे एक पिल्लू आणून बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात सोडले. सोबत त्याने वंशावळही ऐकवली. घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, पुढे लष्करानेही तिची परीक्षा घेतली, वगैरे. एवढ्या थोर घराण्यातील जिवाला मोत्या म्हणणे प्रशस्त वाटेना, म्हणून आम्ही सर्वजण त्यांना मुधोळकर म्हणू लागलो.

पहिल्या रात्री त्यांची व्यवस्था स्वयंपाकघरात, ओट्याखाली केली होती. दिवा मालवताच त्यांनी जो सूर लावला, त्याला गल्लीतल्या समस्त भटक्या मंडळींनी एकमुखाने साथ दिली. माडीवरच्या कानडी अक्कांनी खिडकीतून ‘ए, सुम्नीरु!’ असे बजावले, मी खालून ‘गप बस’ म्हणालो. मुधोळकरांनी दोन्ही भाषांना अगदी समान वागणूक दिली, जी या भागात सहसा कोणाला जमत नाही.

सकाळी पशुवैद्यांकडे तक्रार नेली, तर त्यांनी माझीच कानउघाडणी केली. कालपर्यंत आई आणि भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपणारे पिल्लू एकटे पडल्यावर रडणारच, तेव्हा त्याचे खोके आपल्या पलंगाशी ठेवा, म्हणाले. रात्रीचे खाणे लवकर आटोपायचे, झोपण्याआधी अंगणात फिरवून आणायचे, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरवत नसल्याने मध्ये गजर लावून आपणच उठायचे. मात्र त्या वेळी लाड, खेळ, गप्पा काही नाही. नाहीतर अपरात्री उठले की जत्रा भरते, असा त्याचा समज होतो.

खोक्यात आईचे जुने इरकली लुगडे अंथरले. टिकटिक ऐकून पिल्लाला आईच्या काळजाचे ठोके आठवतात, असे कुणीतरी सांगितल्यावरून त्या लुगड्याखाली चावीचे घड्याळही ठेवले. मुधोळकर पाच मिनिटांत घोरू लागले आणि मी मात्र ती टिकटिक मोजत दीडपर्यंत जागा राहिलो.

दीडला गजर. बाहेर जुलैतला बेळगावी पाऊस, म्हणजे धड कोसळत नाही आणि धड थांबत नाही असा. मी एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने छत्री त्यांच्यावर धरलेली, त्यामुळे पाऊस सगळा माझ्या पाठीवर. त्यांनी तुळशीवृंदावनाला एक प्रदक्षिणा घातली, जास्वंदीचे बूड हुंगले, मागचे पाय किंचित वाकवले, मी श्वास रोखला, आणि तेवढ्यात दगडाआडून एक बेडूक उडाला. पुढची वीस मिनिटे बेडकाकडे पाहण्यात गेली. लाड नाही, गप्पा नाहीत, हा नियम मी दात ओठ खाऊन पाळला. शेवटी कंटाळून आत आलो, तर त्यांनी उंबऱ्यापाशी, कोरड्या पायपुसण्यावर, सावकाश आणि समाधानाने काम उरकले.

दिवसा यांना झोपेची अडचण कधीच आली नाही. या वयाची पिल्ले दिवसरात्र मिळून अठरा-वीस तास झोपतात म्हणे. त्यातले बहुतेक तास मुधोळकर शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, चारही पाय वर करून, पार पाडत. माग थांबले की ते जागे होत.

पंधरवड्यानंतर खोके रोज वीतभर दाराकडे सरकवायचे ठरले. आमच्या घरातला सीमाप्रश्न तो हाच. खोके पलंगाशीच असावे, ही माझी भूमिका; ते उंबऱ्यापलीकडे जावे, ही पत्नीची; आणि मध्ये ज्याला विचारायला हवे, तो झोपलेला. शेवटी खोके बाहेरच्या खोलीत गेले. तोवर मुधोळकर चार महिन्यांचे झाले होते आणि रात्री अकरा ते पहाटे साडेपाच हूं की चूं न करता झोपू लागले होते.

परवा रात्री तीन वाजता मला जाग आली. गजर लावलेला नव्हता; पण साठीच्या माणसाला त्याची गरज पडत नाही. संडास आमचा अंगणात. पाय न वाजवता खोक्यावरून गेलो, मुधोळकरांनी एक डोळा उघडून पाहिले आणि पुन्हा मिटला. परत येताना कडी वाजली तशी माडीवर दिवा लागला आणि अक्कांनी नेहमीप्रमाणे विचारले, ‘मास्तर, झालं काय हो त्याचं?’

मी ‘झालं’ म्हणालो आणि दार लावून घेतले.