पाणी उतरल्यावरचा पहिला आठवडा

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांच्या फोनवर एकच प्रश्न फिरायला लागतो: बंधाऱ्यावर किती फूट? कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. मी जर्मनीत आखेनला राहते, तरी त्या दिवसांत सकाळी आधी पंचगंगेची पातळी बघते आणि मग इथले हवामान. शुक्रवार पेठेत आई-बाबा आहेत. पाणी गायकवाड वाड्यापाशी आले की पुढे काय करायचे, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.

पातळी चाळिशीच्या पुढे सरकली की दुसरा शब्द येतो: आलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचे, आपल्या खालच्या बाजूचे कर्नाटकातले धरण. कर्नाटकाने धरणात किती पाणी अडवले, विसर्ग किती, दरवाजे उघडले का. हल्ली त्यात उंचीचा वाद मिसळला आहे. आलमट्टीची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे, म्हणजे साडेचार मीटरहून जास्त वाढ. महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे, आणि शिरोळ तालुक्यातल्या माणसाला त्याची भीती वाटते यात नवल नाही. दुसऱ्या बाजूला, 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टीवर ठपका ठेवला नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रातली अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. तो निष्कर्ष आपल्याकडे अनेकांना पटलेला नाही. मग दर पावसाळ्यात तेच दोन पक्ष, तीच वाक्ये.

माझे म्हणणे या दोन्ही पक्षांना आहे. आपण इतकी वर्षे ज्यावर भांडतो आहोत, ते मोजण्याचे काम आपल्या घराजवळ, आपल्या हाताने होऊ शकते आणि आपण ते करत नाही. हे मला इथे राहून, इथल्या विद्यापीठांनी पुरानंतर काय केले ते बघून कळले.

2021 चा जुलै दोन्हीकडे सारखाच गेला. 14 आणि 15 तारखेला पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या दक्षिण भागात अतिवृष्टी झाली. आखेनच्या शेजारची श्टोलबर्ग आणि एशवायलर ही गावे फिख्ट आणि इंडे या एरवी ओढ्यासारख्या दिसणाऱ्या नद्यांनी धुऊन काढली. आर नदीच्या खोऱ्यात तर सव्वाशेहून जास्त माणसे गेली. आठवड्याभरात पंचगंगेने धोका पातळी ओलांडली आणि 2019 प्रमाणेच पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग पुन्हा बंद पडला. मी एका खिडकीतून श्टोलबर्गकडे जाणाऱ्या मदतीच्या गाड्या बघत होते आणि फोनवर व्हीनस कॉर्नरच्या बोटी.

त्यानंतरचे महिने मात्र दोन्हीकडे सारखे गेले नाहीत.

आखेनच्या आर.डब्ल्यू.टी.एच. विद्यापीठात जलअभियांत्रिकीची एक जुनी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी आर, इंडे आणि फिख्ट या तीन नद्यांवरचे पूल तपासायला घेतले. कोणता पूल वाहून गेला, कोणता तुंबला, कोणता टिकला. कमानी किती रुंद, खांब पाण्यात होते का, तळ किती उंचीवर, वरच्या बाजूला काय अडकले. एकट्या आर नदीवर साठच्या वर पूल वाहून गेले किंवा निकामी झाले होते. अडकलेल्या राड्यात मुळासकट उपटलेली झाडे होती, मोटारी होत्या, नदीकाठच्या तळांवरची फिरती घरे होती, इमारतींचे अवशेष होते. कमी रुंदीच्या गाळ्यांचे, पाण्यात खांब असलेले, बुटके पूल आधी तुंबले. तुंबलेल्या पुलाला वळसा घालून पाणी गावातल्या गल्ल्यांत शिरले आणि पुलाच्या दोन्ही टोकांची माती खरवडून घेऊन गेले.

याच विषयावर झुरिचच्या ई.टी.एच. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आधीपासून काम चालू होते. तिथे काचेच्या लांब पन्हळीतून पाणी सोडतात, मध्ये लाकडांचा अडथळा रचतात आणि वरच्या बाजूला पाणी किती चढले ते मोजतात. त्यांना आढळलेली एक गोष्ट मी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर थेट इचलकरंजीचा पूल आला. नुसते मोठे ओंडके अडकले तर पाणी त्यांच्या फटींतून वाट काढते. पण त्या फटींत पाने आणि बारीक काटक्या बसल्या की फुगवटा बराच वाढतो. ओंडका दिसतो, म्हणून त्याचा फोटो निघतो. नुकसान वाढवतो तो बारीक पाला. आपल्या पंचगंगेत जलपर्णीचे गालिचे आहेत, उसाचा पाला आहे, प्लॅस्टिक आहे. पुराच्या आधी पुलांच्या आणि मोऱ्यांच्या तोंडाशी हे किती साठले होते, याची नोंद कुठे आहे?

फुगवटा म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर सांगते, कारण आलमट्टीचा वाद आणि शिरोलीजवळच्या महामार्गाच्या मातीच्या भरावाचा वाद हे दोन्ही इथेच येऊन मिळतात.

पूर आला की नदी पात्र सोडून दोन्ही बाजूंच्या उसात पसरते. ती पसरण्याची जागा नदीचीच असते. त्या जागेवर आडवा मातीचा भराव टाकून रस्ता नेला आणि मध्ये पुलापुरतीच वाट ठेवली, तर सगळ्या रुंदीतून जाणारे पाणी त्या तेवढ्याच वाटेने जायला बघते. नवरात्रात अंबाबाईच्या दरवाजापाशी गर्दी थबकते तसे ते अलीकडे थबकते, आणि अरुंद वाटेतून वेगाने ढकलले जाण्याइतका जोर मिळेपर्यंत तिथे उंच होत जाते. किती उंच? वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पाण्याला सेकंदाला 1 मीटर वेग द्यायला साधारण 5 सेंटीमीटर उंची लागते, 2 मीटर वेगाला 20 सेंटीमीटर आणि 4 मीटरला 80 सेंटीमीटरच्या आसपास. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते.

म्हणून आरच्या खोऱ्यात जे घडले ते जसेच्या तसे कोल्हापूरला लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती डोंगरी नदी आहे, उतार तीव्र, पाणी काही तासांत चढले आणि उतरले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती घाटाकडून जोरात येतात, पण प्रयाग चिखलीला एकत्र आल्यावर पंचगंगा सपाटीला लागते, वळणे घेत संथ होते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब असेल तर तिला पुढे सरकता येत नाही. संथ नदीत एका भरावामुळे चढणारे पाणी इंचांत मोजावे लागेल, असे कुणी अभियंता म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उतार जितका कमी, तितका फुगवटा मागे लांबवर जातो. आणि सपाट जमिनीवर चार इंच पाणी वाढले तर नदी चार इंच रुंद होत नाही, ती आणखी एक गल्ली घेते. उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेले पाणी आणि घरात शिरलेले पाणी यांत फरक असतो तो एवढ्याच इंचांचा.

आता हेच गणित आलमट्टीला लावा. धरणाचा फुगवटा मागे किती जातो हेही नदीचा उतार, पात्राची रुंदी, तळात साचलेला गाळ, वाटेतले बंधारे आणि पूल यांवर ठरते. सूत्र तेच. ज्याला आलमट्टीचा फुगवटा शिरोळपर्यंत येतो असे सिद्ध करायचे आहे आणि ज्याला येत नाही असे सिद्ध करायचे आहे, दोघांनाही एकाच प्रकारची माहिती लागते: नदीचे ठिकठिकाणचे आजचे काटछेद, म्हणजे पात्राची आडवी रुंदी आणि खोली, आणि पुराच्या एकाच वेळी अनेक ठिकाणी घेतलेल्या पातळ्या. शिरोलीच्या भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता हवा, ही मागणी मला रास्त वाटते. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या भरावाला विरोध करणाऱ्या गावांचेही ऐकले पाहिजे असे मला वाटते. पण खांबांमधले अंतर किती ठेवायचे, मोऱ्या कुठे आणि किती, हे ठरवायला पुन्हा तेच काटछेद आणि त्याच पातळ्या लागणार आहेत.

या माहितीचे दुर्दैव असे की ती नासते. पुराच्या रेघा भिंतींवर पंधरा दिवस राहतात. मग घर धुतले जाते, दिवाळीआधी रंग लागतो आणि पुरावा संपला. महापालिकेचे पंचनामे होतात, पण ते नुकसानभरपाईसाठी. पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीला होते हे त्यांतून कळत नाही. बंधाऱ्यावरची नोंद एका जागेची. तिथून सुतारवाड्यात, दुधाळीत, जयंती नाल्याच्या काठाने पाणी किती उंच होते, नाल्यातून उलटे कुठवर आले, ते लोकांच्या आठवणीत आहे आणि आठवण न्यायालयात किंवा लवादापुढे टिकत नाही.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांचे संशोधक पूर ओसरताच लिंबुर्ग प्रांतात उतरले. पाऊस, पातळ्या, बांध, नुकसान, आरोग्य, लोकांना मिळालेल्या सूचना, सगळे गोळा केले. पूर जुलैच्या मध्यात, पहिला सविस्तर अहवाल सप्टेंबर 2021 मध्ये लोकांसमोर. कुणालाही वाचता येतो. त्यातली काही उत्तरे तात्पुरती होती आणि तसे त्यात लिहिलेही होते. मला त्यांचे धरण किंवा बांध यांपेक्षा ही घाई जास्त हेवा वाटावी अशी वाटते.

इथे सगळे नीट चालते असे चित्र मला उभे करायचे नाही. आर नदीच्या बाबतीत जर्मनीने फार मोठी चूक केली होती. आल्टेनारच्या मापन केंद्रावरची नोंद 1940 च्या दशकापासूनची, आणि 2021 पूर्वीची सर्वांत मोठी पातळी 2016 ची, 3.71 मीटर. त्यावरून धोक्याचे नकाशे काढलेले. प्रत्यक्षात 2021 मध्ये पाणी अंदाजे 10 मीटरपर्यंत गेले. अंदाजे, कारण केंद्रच वाहून गेले. पण 1804 मध्ये याच खोऱ्यात असाच भीषण पूर येऊन गेला होता. बॉन विद्यापीठाच्या भूगोल संशोधकांनी जुन्या खुणा आणि कागदपत्रांवरून त्याची तीव्रता काढून ती प्रसिद्धही केली होती, 2021 च्या कित्येक वर्षे आधी. ती नकाशात आली नाही. विद्यापीठाने मोजले आणि प्रशासनाने ते घेतले नाही, तर माणसे मरतात, इतका हा कडू धडा आहे.

आपल्याकडे बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेबद्दल जी ओढाताण चालते, ती मी याच काळजीने वाचते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2005, 2019, 2021 असे पूर पाहिलेल्या शहरात या व्याख्येतली वर्षे कशावरून काढली, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. रेषा अलीकडे सरकवा म्हणून दबाव येतो तेव्हा उत्तर द्यायला मोजलेल्या पातळ्या हाताशी हव्यात.

आणि मोजायला माणसे कोल्हापुरातच आहेत. गोकुळ शिरगावला के.आय.टी. आहे, शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, इचलकरंजीला डी.के.टी.ई., सांगलीला वालचंद. स्थापत्य शाखेच्या मुलांना सर्वेक्षण शिकवतातच. बहुतेक वेळा ते कॉलेजच्या मैदानावर होते. तेच काम पाणी उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात पुराच्या रेघांवर करायचे. ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन ही उंची मोजायची यंत्रे घेऊन चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला एक पेठ किंवा एक गाव. रेघेची उंची, जागा, तारीख, फोटो, घरातल्या माणसाने सांगितलेली वेळ. प्रत्येक पुलावर आणि मोरीपाशी काय अडकले त्याचे वजन नाही तरी फोटो आणि अंदाजे आकार. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्याला गुण द्यायचे, म्हणजे मुलांचा वेळ वाया जाणार नाही.

घरोघरी दार कोण उघडेल, याची काळजी कोल्हापुरात नको. पुरात ज्या तालमींची पोरे बोटी घेऊन उतरतात, जेवणाची पाकिटे पोहोचवतात, त्यांना कोणत्या घरात पाणी किती होते ते घरागणिक माहीत असते. एका गटाबरोबर तालमीतला एक जण दिला तर परक्या मुलांना कुणी अडवणार नाही. चिखली, आंबेवाडीत ग्रामपंचायतीने हे काम घ्यावे. तिथल्या लोकांच्या पुनर्वसनाचा, सोनतळीच्या जागेचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. घर किती खोल बुडाले याचा मोजलेला कागद त्यांच्याच उपयोगाला येईल.

सीमेपलीकडच्या लोकांशी बोलायलाही हाच कागद लागतो. आखेनजवळची फिख्ट इंडेला मिळते, इंडे रुरला, आणि रुर नेदरलँड्समध्ये रूरमोंडला मासला मिळते. 2021 नंतर जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियममधल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी अशा सीमा ओलांडणाऱ्या नद्यांसाठी एकत्र संशोधन सुरू केले. तीन देशांना जे जमते ते दोन राज्यांना जमायला हवे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि विजयपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी कृष्णेच्या एकाच पुराच्या पातळ्या एकाच पद्धतीने मोजून एकाच ठिकाणी उघड ठेवल्या, तर मंत्र्यांच्या बैठकीची वाट बघावी लागणार नाही. आकडे महाराष्ट्राच्या बाजूने आले तर आलमट्टीच्या उंचीला विरोध करणाऱ्याच्या हाती भक्कम पुरावा येईल. आणि शिरोलीच्या भरावाविरुद्ध आले, तर तो भराव आपला आहे, तो काढायला बेंगळुरूची परवानगी लागत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी करायचे एवढेच आहे: प्रत्येक पेठेत दोन-तीन पक्क्या जागी, शाळेच्या किंवा देवळाच्या जोत्यावर, समुद्रसपाटीपासूनची उंची कोरून ठेवणे. मुलांना मोजायला सुरुवात तिथून करता येईल. माझ्या ओळखीच्या दोघा प्राध्यापकांना मी हे लिहून पाठवले आहे, नोंदीचा नमुना तक्ता मराठीत करून सोबत जोडला आहे, आणि हवा त्याला तो द्यायला मी तयार आहे.