‘कंपन्या हे सांगत नाहीत’: डिशवॉशरच्या एका फॉरवर्डला उत्तर

डिशवॉशरविषयीचा एक लांबलचक मेसेज सध्या या गटातून त्या गटात फिरतोय. सुरुवात ठरलेली: ‘कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ मग दावा येतो. डिशवॉशर म्हणजे गरम पाणी उडवणारं एक कपाट. त्याच्या डिटर्जंटची पावडर किंवा टॅबलेट, त्याचं मीठ, त्याचं रिन्स एड (शेवटच्या पाण्यात पडणारा, भांड्यांवर थेंब राहू न देणारा द्रव) ही सगळी विक्रीची सोंगं. भांड्यांचा नेहमीचा लिक्विड साबण, खायचा सोडा, घरातलं मीठ आणि व्हिनेगर एवढ्यावर यंत्र आयुष्यभर चालतं. खाली युक्त्यांची यादी. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत, एक अर्धी खरी आहे, काही यंत्राच्या मुळावर येणाऱ्या आहेत आणि एक थेट माणसाच्या जिवावर बेतणारी आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट लक्षातच घेतलेली नाही. हे यंत्र नळासारखं सतत नवं पाणी ओतत नाही. ते तळाशी तीन-चार लिटर पाणी घेतं, तापवतं आणि पंपाने तेच पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतं. मग ते सोडून देतं आणि पुढच्या टप्प्यासाठी नवं घेतं. आधी ओलावणं, मग मुख्य धुलाई, मग विसळणं, शेवटी गरम पाण्याने विसळणं आणि वाळवणं. कोणत्या टप्प्याला पाण्यात काय असावं हे ठरलेलं आहे. हा क्रम डोक्यात ठेवला की मेसेजमधल्या बहुतेक युक्त्या कुठे फसतात ते आपोआप दिसतं.

‘महागड्या टॅबलेटऐवजी भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब आणि चमचाभर सोडा टाका.’

हाताने भांडी घासायचा लिक्विड भरपूर फेस यावा म्हणूनच बनवलेला असतो. डिशवॉशरचं डिटर्जंट फेस येऊ नये म्हणून. तेच पाणी जोराने फिरत राहिलं की चार थेंबांचाही फेस डबाभर होतो. पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागतो, स्प्रे आर्ममधून (पाणी उडवणाऱ्या फिरत्या दांड्यांतून) पाणी जोराने निघत नाही आणि फेस दाराच्या खालच्या कडेने बाहेर येतो. गळती ओळखणारा तरंगता स्विच ज्या यंत्रांच्या तळाच्या ट्रेमध्ये असतो, ती तिथे पाणी साचलं की काम थांबवून एरर दाखवतात. मग लोक तंत्रज्ञाला बोलावतात आणि तो साबण बघून हसतो. कुणी हे आधीच करून बसलं असेल तर प्रोग्रॅम रद्द करून पाणी काढून टाकावं, फेस फडक्याने टिपावा आणि भांडी न ठेवता थंड पाण्याने विसळण्याचा प्रोग्रॅम फेस संपेपर्यंत चालवावा. गरम प्रोग्रॅम लावू नये, फेस आणखी वाढतो.

आता सोडा. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ८.३ असतो, म्हणजे तो अगदी सौम्य अल्कली आहे. डिशवॉशरच्या डिटर्जंटचं पाणी १० ते ११च्या आसपास जातं, कारण त्यात धुण्याचा सोडा असतो. शिवाय पिष्ट तोडणारी आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, डाग काढणारं ऑक्सिजनचं ब्लीच आणि पाण्यातले क्षार धरून ठेवणारे पदार्थ असतात. घासणारा हात नसताना वाळलेलं खरकटं निघतं ते या सगळ्यांमुळे. सोड्याने दुर्गंध थोडा कमी होतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. टॅबलेटच घ्या असं मी म्हणत नाही. साधी डिशवॉशर पावडर पुरते, आणि भांडी कमी असतील तर ती कमी घालता येते. टॅबलेटची मात्रा ठरलेली असते.

याच्याच पोटात मेसेजमध्ये आणखी एक सल्ला आहे: टॅबलेट कप्प्यात न ठेवता तळाशी फेका, म्हणजे ‘लवकर विरघळते’. विरघळते खरी, पण पहिल्याच पाण्यात. प्रोग्रॅममध्ये ओलावण्याचा टप्पा असेल तर ते पाणी काही मिनिटांत नाल्यात जातं आणि मुख्य धुलाईला जवळपास काहीच उरत नाही. कप्प्याचं झाकण ठरल्या वेळी उघडतं ते उगाच नाही.

‘डिशवॉशर सॉल्ट म्हणजे मीठच, मग घरातलं का नको?’

पहिलं अर्धं वाक्य बरोबर. रसायन एकच, सोडियम क्लोराइड. पण ते भांड्यांवर पडायला नसतंच, त्यामुळे ‘खारट पाण्याने भांडी धुतात’ ही तक्रारही गैरलागू आहे. ज्या यंत्रांत पाणी मृदू करायची सोय असते, त्यांच्या तळाशी रेझिनचे (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांच्यातून जाऊन त्यांना पुन्हा तयार करतं आणि नाल्यात जातं. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ असतात आणि त्याचे कण बारीक असतात. ते कप्प्यात दगडासारखं बसतं. सैंधव किंवा समुद्री मीठ त्याहून वाईट, कारण ज्या क्षारांना काढायचं तेच त्यात थोडेफार असतात.

मीठ भरताना बाहेर सांडलं तर पुसा आणि लगेच एक प्रोग्रॅम चालवा. स्टीलच्या तळावर खारं पाणी तसंच राहिलं की गंजाचे ठिपके पडतात. मिठाच्या कप्प्यात चुकून डिटर्जंट गेलं तर यंत्र सुरू करू नका, रेझिन खराब होतं. आणि तुमच्या यंत्राच्या तळाला स्क्रूचं झाकण नसेल, तर त्यात ही सोयच नाही. मीठ शोधत बसू नका.

‘रिन्स एड म्हणजे आतड्यांचं विष, हे सिद्ध झालंय. त्याऐवजी व्हिनेगर भरा.’

मघाशी अर्धी खरी म्हटली ती ही. यामागे खरा अभ्यास आहे. झुरिक विद्यापीठाशी जोडलेल्या, दावोसच्या स्विस इन्स्टिट्यूट ऑफ ॲलर्जी अँड अस्थमा रिसर्चने तो डिसेंबर २०२२ मध्ये मांडला. रिन्स एडमधली अल्कोहोल इथॉक्सिलेट्स या गटातली रसायनं आतड्याच्या अस्तराच्या पेशींना इजा करतात आणि त्या अस्तराचा अडसर सैल करतात, असं त्यांना दिसलं. पण हे प्रयोग पेशींवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्यांच्या सूक्ष्म प्रतिकृतींवर झाले, जेवणाऱ्या माणसांवर नाही. आणि संशोधकांचा रोख उपाहारगृहांतल्या व्यावसायिक यंत्रांवर होता, जिथे सगळं काम काही मिनिटांत उरकतं आणि रिन्स एड ताटल्यांवरच वाळतं. ‘घरच्या डिशवॉशरमुळे आतडी खराब होतात हे सिद्ध झालं’ असं या अभ्यासातून निघत नाही.

तरी मेसेजची टर उडवून मोकळं होणं प्रामाणिकपणाचं नाही. घरच्या यंत्रातही रिन्स एड शेवटच्याच पाण्यात पडतं, त्यानंतर भांडी विसळली जात नाहीत. म्हणजे पातळ थर उरतो. त्याचा त्रास होतो असा पुरावा नाही, पण गरजेपेक्षा जास्त वापरण्याचंही कारण नाही. त्याच्या कप्प्याजवळ किंवा मेनूमध्ये मात्रा बदलायची सोय असते. खालून सुरुवात करा. काचेवर थेंबांचे डाग राहिले तर एक पायरी वाढवा, निळसर तवंग किंवा चिकट पट्टे दिसले तर एक पायरी उतरवा. पाणी मुळातच मृदू असेल आणि भांडी ओली निघाली तरी चालत असतील, तर नाही वापरलं तरी यंत्र बिघडत नाही.

व्हिनेगर मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही. रिन्स एड पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, म्हणून पाण्याचे थेंब न होता ते सलग घसरून जातं. व्हिनेगर फक्त आम्ल आहे, ते क्षार विरघळवतं. वर ते त्या कप्प्यात आठवडेच्या आठवडे साठून राहिलं तर तिथली रबरी सीलं खराब होऊ शकतात.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. पेले धुरकट झाले असतील तर एकावर व्हिनेगर चोळून पाहा. धुरकटपणा गेला तर ते क्षार होते: मीठ संपलंय किंवा पाण्याच्या जडपणाचं, म्हणजे त्यातल्या क्षारांचं, यंत्रातलं सेटिंग कमी आहे. गेला नाही तर काच झिजली आहे आणि ती परत येत नाही. हे उलट फार मृदू पाणी, जास्त डिटर्जंट आणि जास्त तापमान यांनी होतं. एकाच दिसणाऱ्या डागावर दोन विरुद्ध उपाय आहेत, म्हणून आधी हे पाहायचं.

‘भांडी आधी नळाखाली स्वच्छ विसळून मगच लावा.’

मग यंत्र कशाला घेतलं? खरकटं, हाडं, बिया काढून टाका, बस. अनेक नव्या यंत्रांत पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. पाणी स्वच्छ दिसलं की ते प्रोग्रॅम आखडता घेतं, आणि कोपऱ्यात चिकटलेलं तसंच राहतं. पाण्याचा हिशेबही बघा. बॉन विद्यापीठाने सात युरोपीय देशांतल्या लोकांना बारा माणसांची भांडी हाताने धुवायला लावली, तेव्हा सरासरी १०३ लिटर पाणी लागलं. आजचं चांगलं यंत्र इको (पाणी आणि वीज वाचवणाऱ्या) प्रोग्रॅमवर १० लिटरच्या आसपास भागवतं. नळाखाली सगळं विसळलं की हा फायदा नाल्यात गेला. जळून चिकटलेलं भांडं आधी भिजवावं, हा अपवाद.

‘चमच्यांच्या जाळीत ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा टाका, सगळं लखलखतं.’ चांदीवरचा काळा थर गरम अल्कलीत ॲल्युमिनियमजवळ निघतो, हे रसायन खरं आहे, पण त्यासाठी चांदी फॉइलला टेकलेली असावी लागते. स्टीलच्या चमच्यांना त्याचा काही उपयोग नाही. त्याच अल्कलीत साधी ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात, त्यामुळे ती यंत्रात लावूच नका. लाकूड, बीड, तांबं-पितळ आणि धारेच्या सुऱ्याही बाहेरच बऱ्या.

‘रोज गरम साबणाचं पाणी फिरतं, म्हणजे डिशवॉशर स्वतःच स्वच्छ होतो.’

हा समज मेसेजच्याही आधीपासूनचा आहे आणि घरोघरी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ देशांतल्या १८९ घरगुती डिशवॉशरच्या दाराच्या रबराचे नमुने तपासले होते. ६२ टक्के यंत्रांत बुरशी सापडली. सर्वांत जास्त आढळली ती एक्सोफियाला नावाची काळी बुरशी, जी उष्णता, मीठ आणि अल्कली सगळं सोसते. निरोगी माणसाने याने घाबरून जायचं कारण नाही. फुप्फुसांचे जुने आजार किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेलं कुणी घरात असेल तर मात्र रबर पुसणं मनावर घ्यावं.

करायचं फार नाही. तळाचा फिल्टर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढून मऊ ब्रशने नळाखाली धुवा आणि परत बसवताना तो अडकला आहे ना हे फिरवून पाहा. सैल राहिला तर काचेचा तुकडा किंवा बी थेट पंपात जाते. दाराच्या खालच्या कडेला पाणी पोचत नाही, खरी घाण तिथेच साठते, ती फडक्याने पुसा. स्प्रे आर्मची भोकं बुजली असतील तर दातकोरणीने मोकळी करा. महिन्यातून एकदा भांड्यांशिवाय ६५-७० अंशांचा प्रोग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा डिशवॉशर क्लीनर घालून चालवा. फिल्टरखालच्या खड्ड्यात हात घालण्याआधी प्लग काढा आणि जाड हातमोजा घाला, फुटलेली काच तिथेच असते. त्या खड्ड्यात थोडं स्वच्छ पाणी नेहमी राहतं, तो बिघाड नव्हे. काम संपल्यावर वाफ जरा जिरू द्या, मग दार किलकिलं ठेवा.

‘जंतू मारायला कपभर ब्लीच ओता आणि नंतर व्हिनेगर फिरवा.’

हे करू नका. क्लोरिनचं ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि तुम्ही दार उघडून वाकता तेव्हा तोंड नेमकं त्याच्यावर असतं. तळाशी उरलेलं पाणी दोघांची गाठ घालून द्यायला पुरेसं आहे. व्हिनेगर वगळलं तरी ब्लीचने स्टीलला खड्डे पडतात. निर्जंतुकीकरण हवंच असेल तर उष्णतेचा पर्याय यंत्रातच असतो. घरगुती यंत्रांसाठी अमेरिकेत जे एनएसएफ १८४ मानक आहे, त्यात शेवटच्या विसळण्याचं तापमान किमान ६५.६ अंश सेल्सियस आणि जंतूंत ९९.९९९ टक्के घट अशी अट आहे. पन्नास अंशांच्या इको प्रोग्रॅमकडून ही अपेक्षा ठेवू नये.

‘रात्री लावून झोपा.’ सोयीचं आहे, मला मान्य. पण पाणी, हीटर आणि वीज एकाच डब्यात असतात. म्हणून ब्रिटनमधली अग्निशमन दलं धुण्याची यंत्रं आणि डिशवॉशर झोपताना किंवा घराबाहेर असताना चालू ठेवू नका असं सांगतात. एक्स्टेंशन बोर्डवर तर कधीच नको, हीटर दोन हजार वॅटच्या आसपास घेतो. लांब जायचं असेल तर पाण्याचा कॉक बंद करा.

शेवटची युक्ती वरवर निष्पाप आहे: ‘पावडर आणि टॅबलेट खोक्यातून काढून छान काचेच्या बरणीत ठेवा.’ रंगीत, चकचकीत टॅबलेट लहान मुलाला गोळीच वाटते. हे डिटर्जंट तीव्र अल्कली आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते. मूळ पुड्यातच, वरच्या बंद कपाटात ठेवा, कप्प्यात यंत्र सुरू करायच्या क्षणीच घाला, आणि काटे आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या जाळीत टोक खाली करून लावा, कारण उघड्या दाराशी मूल सहज पोचतं. मुलाने तोंडात घातलंच तर उलटी करवू नका. अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पुसा, पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पुडा सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरच्या घटकांची यादी हवी असते, आणि ती बरणीवर नसते.