जागा घेतली, आता खरं काम

गेल्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला. त्यांच्या गटाने वर्गणी काढून ओढ्याकाठची रानाची एक पट्टी विकत घेतली. आता ती जागा कायमची वाचली, असं त्याने लिहिलं होतं. मी मनापासून अभिनंदन केलं, कारण वर्गणी मागत दारोदार फिरणं किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. पण 'कायमची वाचली' हे शब्द डोक्यातून जाईनात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लँड ट्रस्ट, म्हणजे निसर्ग राखण्यासाठी जमीन लोकांच्या वतीने सांभाळणारी संस्था, ही कल्पना मला फार जवळची वाटते. ग्रंथालय लोकांसाठी पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, तशा निसर्गसुंदर जागाही कुणीतरी लोकांच्या वतीने सांभाळाव्यात, असं चार्ल्स एलियट या अमेरिकी उद्यानरचनाकाराने १८९० मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' ही संस्था उभी राहिली आणि तिच्याकडे बघून १८९५ मध्ये इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट. ग्रंथालयाची उपमा मला नेहमी पटते. फक्त जमीन पुस्तकासारखी कपाटात गप्प बसत नाही, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या विकेन फेन या पाणथळीचं उदाहरण घ्या. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्टने या पाणथळीतले दोन एकर दहा पौंडांना घेतले. ट्रस्टची ही पहिली निसर्ग-राखीव जागा. आजूबाजूची पाणथळ शेतीसाठी केव्हाच कोरडी केली गेली होती. तिथली माती म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साचलेला, अर्धवट कुजलेला पाला, ज्याला पीट म्हणतात. पाणी काढलं की पीट आक्रसतं, हवेशी संयोग होऊन झिजत जातं. त्यामुळे भोवतालची शेतं खाली खचत गेली आणि विकेन फेन मधेच उंचावर राहिलं. उंचावरच्या पाणथळीत पाणी टिकवायचं म्हणजे रोजची कसरत. कागदावर जमीन ट्रस्टची, पण पाणी काही कागद वाचत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे घडली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक तिथलं लव्हाळ्यासारखं उंच गवत छपरांसाठी कापून नेत असत. या कापणीची नोंद अगदी १४१४ सालापासून सापडते. छपरांची पद्धत बदलली, कापणी मंदावली आणि मोकळ्या जागेत झुडपं शिरली. दुरून बघणाऱ्याला वाटेल, वा, हिरवळ वाढली! पण स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या तिथे ज्या एकाच वनस्पतीवर वाढत, त्या मिल्क-पार्सलीला ओल हवी आणि उजेडही हवा. झुडपांची सावली पडली, जमीन सुकत गेली, आणि १९५० च्या दशकात हे फुलपाखरू विकेनमधून नाहीसं झालं. १९७५ मध्ये ते परत आणून सोडलं, तेही टिकलं नाही. जागा राखीव असताना, मालकी ट्रस्टची असताना हे झालं. मित्राला मी हेच सांगितलं.

म्हणून लँड ट्रस्टचं खरं काम मला झाडं लावण्यात दिसत नाही. ते बऱ्याचदा काढण्यात असतं. घाणेरी (लँटाना) तर माहीत असेल सगळ्यांना. नुसती वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली दीड-दोन इंचांवर, फुटवे येतात त्या भागाच्या खाली, मुख्य मूळ तोडावं लागतं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवावं लागतं, नाहीतर ते पुन्हा रुजतं. एवढं करूनही पुढच्या पावसानंतर मोठ्या झाडांखाली हमखास रोपं उगवतात, कारण फळं खाल्लेले पक्षी तिथेच बसतात. मग पुन्हा जा, पुन्हा उपटा. मी स्वतः हे काम केलंय. पाठ मोडते, हात ओरबाडतात, आणि संध्याकाळी बघितलं तर दाखवण्यासारखं काही नसतं, नुसती उघडी माती दिसते. तिच्यावर स्थानिक गवत उगवायला लागलं की मात्र जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

दुसरा मार्ग आहे कराराचा. अमेरिकेत बरेच ट्रस्ट जमीन विकत न घेता मालकाशी संवर्धन-करार करतात. जमीन मालकाचीच राहते, तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, पण तिच्यावर बांधकाम करण्याचा किंवा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तो सोडून देतो. हे बंधन जमिनीबरोबर जातं, म्हणजे पुढच्या मालकालाही ते लागू. मूळ मालक सहसा प्रेमाने सही करतो. तिसऱ्या मालकाला मात्र त्या प्रेमाशी काही देणंघेणं नसतं. म्हणून चांगला ट्रस्ट सुरुवातीलाच फोटो, नकाशे आणि नोंदींसह जागेची सद्यस्थिती लिहून ठेवतो आणि दरवर्षी कुणीतरी हद्द चालून येतो. भंग झाला तर कोर्टात जायची तयारी आणि त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसाही लागतो.

आणि पैशाशीच माझं म्हणणं येऊन थांबतं. खरेदीसाठी लोक देणगी देतात, कारण तिथे फोटो निघतो, फलक लागतो. वीस वर्षांनी हद्द चालणाऱ्या माणसाच्या पगारासाठी, झुडपं काढायच्या हत्यारांसाठी, पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दुरुस्तीसाठी कुणी विचारत नाही. जमीन घेतानाच किमतीबरोबर देखभालीचा कायमनिधी उभा राहत नसेल, तर थोडी कमी जमीन घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेकांना ते रुचत नाही. हातची जागा गेली तर परत मिळणार नाही, असं ते म्हणतात, आणि ती भीती खोटी नाही.

विकेनमध्ये आजही झुडपं काढतात, गवत कापतात. १९९९ मध्ये ट्रस्टने आसपासची शेतजमीन हळूहळू घेऊन सुमारे ५३ चौरस किलोमीटरवर पाणथळ आणि गवताळ प्रदेश परत आणायचा बेत आखला, आणि त्यासाठी मुदत धरली शंभर वर्षांची. चरायला घोडे आणि गुरं सोडली आहेत. हा बेत आखणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा शेवट दिसणार नाही.

मित्राला मी रविवारी येतो म्हणून कळवलंय. ओढ्याकाठी घाणेरी किती आहे ते आधी बघू, मग फलकाचं ठरवू.