स्वस्त भाड्याचं कोटेशन रॉटरडॅमला पोचतं तेव्हा

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की महाराष्ट्रातली निर्यातीची चर्चा ठरावीक विषयांभोवती फिरते. समुद्रभाडं किती वाढलं, सरकारने त्यावर अनुदान द्यायचं की नाही, वाढवण बंदर झाल्यावर काय बदलेल. जोडीला आकड्यांचा वाद आहेच: लॉजिस्टिक्सवरचा खर्च जीडीपीच्या 13-14 टक्के म्हणायचा, की 2025 च्या सरकारी अहवालाप्रमाणे 7.97 टक्के? वाढवणची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. खर्च 76 हजार कोटींच्या घरात आणि किनाऱ्याजवळ 20 मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली. असं बंदर महाराष्ट्राला हवंच.

पण युरोपात येणारी आपली द्राक्षं मुख्यतः नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात, आणि इथे शेजारच्या बारेंड्रेख्टमधल्या गोदामात कंटेनर उघडल्यावर जे नुकसान दिसतं त्याचं मूळ बंदराच्या खोलीत क्वचितच सापडतं. ते सापडतं पिंपळगाव ते न्हावा शेवा या रस्त्यावर, बुकिंगच्या ईमेलमध्ये आणि 'हे बघायचं कोणी?' याचं उत्तर कागदावर नसण्यात. म्हणून लॉजिस्टिक्स कंपनी निवडताना आधी जबाबदारी बघा आणि भाडं सर्वांत शेवटी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या कंटेनरपासूनच करू. रीफर माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवतो. तोडणीनंतर चार ते सहा तासांत द्राक्षं प्रीकूलिंगला, म्हणजे भरण्याआधी थंड करायला, जायला हवीत आणि लोडिंगच्या वेळी मण्याच्या आतलं तापमान 0 ते 1 अंश असायला हवं. चार-पाच अंशांवरचा माल भरला तर पेटीच्या आत पाणी सुटतं. बुरशी रोखायला पेटीत ठेवलेले सल्फर डायऑक्साइडचे पॅड ओलाव्याने चालू होतात, त्यामुळे दीड महिना पुरायचा वायू पहिल्या आठवड्यातच सुटतो. मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत बुरशीला अडवायला काही उरत नाही. तेव्हा फॉरवर्डरला, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीला, पहिला प्रश्न हा विचारा: लोडिंगला तुमचा माणूस प्रोब थर्मामीटर घेऊन उभा राहणार का, आणि माल गरम निघाला तर गाडी थांबवायचा अधिकार त्याला आहे का? 'आमचा ड्रायव्हर अनुभवी आहे' हे याचं उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न जेनसेटचा. रस्त्यावर रीफरला वीज देणारा जेनसेट गाडीवर असतोच असं नाही, आणि असला तरी डिझेल वाचवण्यासाठी तो मध्येच बंद होतो. कसारा घाटात किंवा बंदराबाहेरच्या रांगेत चार तास वीज गेली, तर ते लपत नाही. कंटेनरचा कंट्रोलर सगळं नोंदवतो. ती नोंद वाचणारा माणूस तुमच्या फॉरवर्डरकडे आहे का, हे बघा, कारण दावा कोणावर करायचा ते तिथेच ठरतं. सेटिंग उणे 0.5, आत सोडलेली हवाही उणे 0.5, पण परत येणारी हवा पहिले चार दिवस तीन अंशांवर असेल, तर माल गरम भरला होता. तो दोष पॅकहाऊसचा. नोंदीच्या आलेखात या दोन्ही हवांच्या रेषा एकत्र वर चढल्या आणि मध्ये नोंदीला खंड असेल, तर वीज गेली होती. मग ती कोणाच्या ताब्यात असताना गेली ते वेळेवरून कळतं. ठरावीक तासांनी येणारी छोटी टोकं मात्र डीफ्रॉस्टची, म्हणजे यंत्रावरचा बर्फ वितळवण्याची, असतात. त्यांच्यावरून भांडू नका.

बुकिंगमध्ये तापमान चिन्हासकट लिहून घ्या, सेल्सिअस असा उल्लेख करून. हवेचा झरोका बंद ठेवायचा की ताशी 15 घनमीटर, तेही. नुसतं '15' लिहिलं की कोणी ते टक्के समजतं. कंटेनर उचलण्याआधी त्याची पीटीआय, म्हणजे प्रवासाआधीची यंत्र तपासणी कधी झाली, त्याची तारीख मागा. चांगली कंपनी न मागता पाठवते.

मार्गाचं काय? 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला, जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. जहाजाने कोणत्या मार्गाने जावं हे फॉरवर्डरच्या हातात नसतं. पण थेट सेवा आणि कोलंबो किंवा सलालाला कंटेनर बदलणारी सेवा यांतला फरक सांगणं त्याच्या हातात असतं. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं निघतं. वाटेत कंटेनर किती दिवस पडून राहील हे आधी कळलं, तर पॅड आणि तोडणीची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते.

आता कागद. डिसेंबर 2019 पासून द्राक्षांना युरोपात फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. माल देशातून निघण्याआधीच्या 14 दिवसांतलंच ते चालतं. जहाज पुढे ढकललं गेलं की ही मुदत गुपचूप उलटते आणि रॉटरडॅमला माल अडकतो. जहाज येण्याच्या किमान एक कामाचा दिवस आधी इथल्या आयातदाराला किंवा एजंटला ट्रेसेस या युरोपीय संघाच्या ऑनलाइन प्रणालीत पूर्वसूचना भरावी लागते. 2024 पासून समुद्रमार्गाला आयसीएस-2 ही मालाची आगाऊ माहिती घेणारी युरोपीय प्रणाली लागू झाली. न्हावा शेवाला कंटेनर जहाजावर चढण्याच्या 24 तास आधी मालाचा वर्ग सांगणारा सहा अंकी एचएस कोड, मालाचं नेमकं वर्णन आणि घेणाऱ्याचा ईओआरआय (युरोपच्या कस्टम्समधला नोंदणी) क्रमांक युरोपच्या कस्टम्सकडे जायला हवा. 'फ्रेश फ्रूट्स' एवढं लिहून भागत नाही. हे भरणार कोण, जहाज कंपनी की फॉरवर्डर, हे अनेक कोटेशनांत लिहिलेलंच नसतं.

महाराष्ट्रात आणखी एक वाद नेहमी चालतो: नाशिकचा ओळखीचा फॉरवर्डर बरा की मोठी बहुराष्ट्रीय कंपनी? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे की रॉटरडॅमला तुमचा एजंट कोण, त्याचं नाव काय, आणि शुक्रवारी संध्याकाळी कंटेनर तपासणीला अडकला तर फोन कोण उचलतो. छोट्या फॉरवर्डरचा इथला एजंट पक्का असेल तर तो उत्तम. मोठ्या कंपनीत तुमचे हंगामातले पाच कंटेनर म्हणजे फक्त एक तिकीट क्रमांक असू शकतो. एजंटशी करार करण्याआधी थेट बोला. शीतगृहाशी त्याचा करार आहे का आणि डिटेंशनचे, म्हणजे कंटेनर परत करेपर्यंतचे, मोफत दिवस किती, हे विचारा. रीफरला ते दिवस कमी मिळतात, आणि प्लग-इनचं, म्हणजे कंटेनरला वीज जोडण्याचं, भाडं वेगळं चढत जातं. कोटेशनमध्ये हे दोन आकडे नसतील तर ते कोटेशन अर्धंच आहे.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, मालाची पावती आणि वाहतुकीच्या कराराचा पुरावा. फॉरवर्डर स्वतःचं हाऊस बिल देतो की जहाज कंपनीचं मास्टर बिल, यावर तुमचा हक्क ठरतो. मास्टर बिलावर न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते आणि दाव्याची मुदत एक वर्ष असते. आपल्या 1993 च्या मल्टिमोडल (एकापेक्षा जास्त साधनांनी होणाऱ्या) वाहतुकीच्या कायद्याखालच्या दस्तऐवजावर सूचनेला सहा दिवस मिळतात, पण दाव्याला नऊच महिने. हंगाम संपून हिशेब होईपर्यंत यातला बराच काळ गेलेला असतो. हाऊस बिल देणाऱ्याची नौवहन महासंचालनालयाकडे एमटीओ (मल्टिमोडल वाहतूकदार) म्हणून नोंदणी आहे का, ते तपासा आणि त्याच्या जबाबदारी विम्याची प्रत मागा. बिलावर 'एक कंटेनर' न लिहिता पेट्यांची संख्या लिहून घ्या. भरपाईची मर्यादा नगावर मोजली जाते तेव्हा त्याने मोठा फरक पडतो. सीआयएफ विक्रीत, म्हणजे भाडं आणि विमा विकणाऱ्याने भरायचा असतो तेव्हा, किमान दर्जाचा विमा घेतला असेल तर तापमानाने झालेलं नुकसान त्यात बसत नाही. आणि रीफर बिघाडाचं कलम असलं तरी अनेक पॉलिसींत यंत्र सलग 24 तास बंद पडल्याची अट असते.

इथे सगळं सुरळीत चालतं असा समज मात्र करून घेऊ नये. ऑक्टोबर 2025 मध्ये कंटेनर बांधणाऱ्या-सोडणाऱ्या कामगारांच्या संपाने रॉटरडॅमचं बंदर अडलं होतं. बार्जची, म्हणजे नदीतल्या मालवाहू नौकांची, वाट बघण्यात दिवस जातात, आणि पीक सीझनला ट्रकचा स्लॉट मिळत नाही. फरक एवढाच की अडचण आली की कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या ताब्यात आणि किती वाजता, याची नोंद असते आणि ती सगळ्यांना दिसते. तशी नोंद आपल्याकडेही करता येते. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीने बागेपासून पेटीपर्यंतचा माग गेली अनेक वर्षं ठेवला आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. पण पेटी पॅकहाऊसमधून बाहेर पडली की हा माग तुटतो. अनुदानाची मागणी करणाऱ्या संघटनांनी त्याच निवेदनात जेनसेटची नोंद आणि लोडिंगच्या तापमानाची सक्ती मागावी. भाड्यात शंभर डॉलर वाचण्यापेक्षा शेतकऱ्याच्या हाती त्याने जास्त पडेल.

नवी कंपनी घ्यायची असेल तर हंगामाच्या सुरुवातीला एकच कंटेनर द्या. त्यात स्वतःचे दोन डेटा लॉगर टाका, एक दाराजवळ आणि एक मधल्या पॅलेटमध्ये, आणि माल उतरल्यावर कंट्रोलरची नोंद मागा. दोन दिवसांत मिळाली तर पुढचे कंटेनर द्या. 'लाइनकडून (जहाज कंपनीकडून) मागवली आहे' असं आठवडाभर ऐकावं लागलं, तर पुढच्या बुकिंगसाठी दुसरं दार ठोठवा.